‘चेक’चे स्पेलिंग : अमेरिकनांवर आळ नको

माननीय संपादक महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत नुकत्याच प्रसिद्ध झालेल्या, इंग्रजी शब्दांच्या जन्मकथा सांगणाऱ्या लेखात ‘चेक’ या शब्दाविषयी दोन विधाने आहेत. बँकेच्या चेकचे सी-एच-ई-क्यू-यू-ई हे मूळ आणि शुद्ध स्पेलिंग असून सी-एच-ई-सी-के हे अमेरिकनांनी सोयीसाठी पाडलेले अपभ्रष्ट रूप आहे, हे पहिले. आणि हा शब्द अरबीतील ‘सक्क’ या शब्दापासून आला, हे दुसरे. लेख रंजक आहे यात शंका नाही. मात्र पहिले विधान वस्तुस्थितीच्या जवळजवळ उलट आहे आणि दुसरे ऐकीव आहे. बँकेच्या नोकरीत हयात घालवलेल्या माणसाला या शब्दाविषयी थोडी जास्तच आस्था असते, म्हणून हे पत्र.

अठराव्या शतकाच्या प्रारंभी इंग्लंडमध्ये ‘चेक’ म्हणजे पैसे देण्याचा आदेश नव्हेच. सरकारी हुंडीचा किंवा पैसे देण्याच्या लेखी आज्ञेचा जो तुकडा कापून देणाऱ्याकडे राहत असे, ज्याला आपण आज स्थळप्रत म्हणतो, त्याला हे नाव होते. खोटी हुंडी पुढे आली किंवा खऱ्या हुंडीवरचा आकडा कोणी खाडाखोड करून वाढवला, तर तो तुकडा जुळवून पाहता येई. लबाडीला चाप लावणारा, म्हणून तो ‘चेक’. पुढे अशी स्थळप्रत असलेल्या छापील कागदाला आणि शेवटी प्रत्यक्ष आदेशालाच ते नाव मिळाले. या सगळ्या काळात स्पेलिंग एकच एक नव्हते. क्यू-यू-ई हे रूप सरकारी लिखाणात अधूनमधून आढळत असले, तरी सामान्यतः लोक सी-के हेच लिहीत, कारण ‘रोखणे’ या अर्थाचा तो जुनाच शब्द होता. जेम्स विल्यम गिलबार्ट हे पुढे लंडन अँड वेस्टमिन्स्टर बँकेचे कारभारी झालेले गृहस्थ. त्यांनी बँकव्यवहारावरील आपल्या पुस्तकात 1828च्या सुमारास स्वतःच नोंदवून ठेवले आहे की बहुतेक लेखक सी-के असे लिहितात, परंतु आपण क्यू-यू-ई हे रूप घेत आहोत, कारण त्यात संदिग्धता राहत नाही आणि ते ‘एक्सचेकर’ या राजकोशाच्या नावाशी जुळते. ब्रिटनमध्ये हेच रूप एकोणिसाव्या शतकात स्थिरावले. तोवर अमेरिका स्वतंत्र होऊन अर्धशतक उलटले होते आणि तेथील बँका जुने, प्रचलित रूपच लिहीत राहिल्या. नोआ वेब्स्टर यांच्या कोशामुळे अनेक ब्रिटिश स्पेलिंगे अमेरिकेत छाटली गेली हे खरे, पण या शब्दाच्या बाबतीत छाटण्यासारखे काही नव्हतेच; शेपूट लावले ते इंग्रजांनी.

आता ज्या ‘एक्सचेकर’च्या धर्तीवर हे शेपूट लागले, त्याची कथा तर याहून गमतीची आहे. जुन्या फ्रेंचमध्ये ‘एशेकिए’ म्हणजे बुद्धिबळाचा पट. बाराव्या शतकातील इंग्लंडमध्ये राजाचा महसूल मोजण्यासाठी जे मेज वापरत, त्यावर चौकटी आखलेले कापड अंथरलेले असे. शेरीफ लोक आपापल्या परगण्याचा वसूल घेऊन येत आणि त्या चौकटींमध्ये सोंगट्या मांडून, एकं, दहं, शतं या पद्धतीने, त्यांचा हिशेब सर्वांच्या देखत केला जाई. त्याच शतकात खजिनदार रिचर्ड फिट्झनील यांनी या खात्याच्या कारभाराचे वर्णन लिहिले. त्यात हे मेज दहा फूट लांब आणि पाच फूट रुंद असल्याचा उल्लेख आहे आणि बुद्धिबळाच्या पटाशी असलेल्या साम्यामुळे त्याला हे नाव पडले, असा खुलासाही आहे. ब्रिटनचा अर्थमंत्री आजही ‘चान्सलर ऑफ द एक्सचेकर’ म्हणवतो तो या पटामुळे. परंतु या शब्दातील ‘एक्स’ मुळात नाही. फ्रेंच स्पेलिंगातील आरंभीचा ‘एस’ हा लॅटिनमधील ‘एक्स’चा अवशेष असावा, असा विद्वानांनी चुकीचा तर्क केला आणि त्याच्या जागी एक्स बसवला. म्हणजे ज्या शब्दाकडे पाहून ‘चेक’चे स्पेलिंग ‘शुद्ध’ करण्यात आले, त्याचे स्वतःचे स्पेलिंग गैरसमजातून घडलेले आहे. शुद्धलेखनाच्या वादात उतरणाऱ्या कोणीही हे उदाहरण जवळ ठेवावे.

पटाचा उल्लेख आला की मूळ लपत नाही. ‘चेक’, ‘चेस’ आणि ‘एक्सचेकर’ ही तिन्ही फारसी ‘शाह’ या एकाच शब्दाची संतती होय. समोरच्याचा राजा माऱ्यात आला की फारसी खेळाडू ‘शाह’ असे बजावत. तो शब्द अरबांमार्फत युरोपात गेला, तेथील लॅटिनमध्ये अखेरच्या ‘ह’चा ‘क’ होऊन ‘स्काकुस’ झाला, जुन्या फ्रेंचमध्ये ‘एशेक’ झाला आणि इंग्रजीने आरंभीचा ‘ए’ गाळून ‘चेक’ केला. त्याच्याच अनेकवचनातून खेळाचे ‘चेस’ हे नाव निघाले. राजावर आलेले संकट म्हणजे अचानक पडलेली अडवणूक, अडवणुकीतून नियंत्रण, नियंत्रणातून पडताळणी, पडताळणीतून बरोबरची खूण, अशी अर्थाची वाटचाल झाली. शर्टावरचे ‘चेक्स’ मात्र दुसऱ्या शाखेने, म्हणजे पटाच्या चौकटींवरून आले. न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या आपल्या नातलगांना उपाहारगृहात जेवणानंतर मिळतो तो ‘चेक’ म्हणजे बिल. तोही याच कुळातला, आणि त्याचेही स्पेलिंग सी-के.

मराठी वाचकाला हे सारे परके वाटण्याचे कारण नाही, कारण तोच फारसी शब्द इंग्रजीपर्यंत पोहोचताना ज्या कसरती करून गेला, त्या न करता आपल्याकडे सरळ ‘शह’ म्हणून आला. शह देणे, शह-काटशह, मात करणे हे शब्द ज्यांनी कधी सोंगटीला हात लावलेला नाही त्यांच्याही तोंडी असतात. आणखी मागे गेले तर ‘शाह’चे जुने रूप ‘क्षायथिय’ हे इराणमधील बेहिस्तूनच्या कड्यावर सम्राट दारयवहूने, म्हणजे डरायसने, कोरवलेल्या लेखात भेटते. ते आणि संस्कृतातील ‘क्षत्र’ ही एकाच धातूची भावंडे आहेत. खेळ भारतातून गेला हे सर्वश्रुत आहे, परंतु इंग्रजांनी घेतलेले नाव आपल्या ‘चतुरंगा’वरून आलेले नाही. ते मूळ नाव ‘शतरंज’ या अरबी रूपातून स्पॅनिश आणि पोर्तुगीजमध्ये टिकले. गोव्यावर साडेचारशे वर्षे राज्य केलेल्या पोर्तुगिजांच्या भाषेत बुद्धिबळाला ‘शद्रेश’ म्हणतात, आणि नवल म्हणजे चौकटीच्या कापडालाही तोच शब्द आहे.

राहिला प्रश्न ‘सक्क’चा. अब्बासी खलिफांच्या काळातील अरब व्यापारी ‘सक्क’ नावाचा लेखी दस्तऐवज वापरत आणि त्याच्या आधारे दूरच्या शहरात पैसे मिळत, हे खरे आहे. बँकव्यवहाराच्या इतिहासात त्याचे महत्त्व कोणी नाकारू नये. आपल्या हुंडीचेही नाकारू नये. परंतु वस्तू सारखी आणि उच्चार जवळचा, एवढ्यावर व्युत्पत्ती सिद्ध होत नाही. ‘सक्क’ इंग्रजीत येऊन पैशाच्या कागदाचे नाव झाला असता, तर तो शब्द पहिल्या दिवसापासून त्या कागदासाठी वापरलेला दिसला असता. प्रत्यक्षात बुद्धिबळाचा राजा, मग अटकाव, मग स्थळप्रत आणि सर्वांत शेवटी पैशाचा आदेश असा क्रम इंग्रजी लिखाणात शतकाशतकाने लागलेला आढळतो. ही साखळी हाती असताना तिच्याबाहेर मूळ शोधण्याची गरज उरत नाही. उलट ‘सक्क’च्या बाजूने अशी साखळी दाखवता येत नाही.

क्यू-यू-ई या शेवटामुळे हा शब्द फ्रेंच असल्याचा भास होतो, याचाही उल्लेख करायला हवा, कारण पुष्कळ शिक्षक तसे सांगतात. फ्रेंचांनी बँकेचा ‘शेक’ इंग्रजीकडून उसना घेतला आणि 14 जून 1865च्या कायद्याने त्याला आपल्या देशात अधिकृत स्थान दिले. त्यांच्या भाषेतून मध्ययुगात निघून गेलेला ‘एशेक’ असा नव्या वेशात परत आला. जुना शब्दही त्यांच्याकडे ‘एशेक’ या उच्चाराने आहेच. एकवचनी त्याचा अर्थ अपयश आणि अनेकवचनी बुद्धिबळ.

भारतात क्यू-यू-ई हेच लिहावे, याबद्दल माझा वाद नाही. 1881च्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टच्या) सहाव्या कलमात त्याच स्पेलिंगाने या दस्तऐवजाची व्याख्या केलेली आहे आणि न वटलेल्या चेकबद्दल 138व्या कलमाखाली जे खटले चालतात, त्यांचे कागदही त्याच स्पेलिंगाने भरलेले असतात. आक्षेप आहे तो एका रूपाला कुलीन आणि दुसऱ्याला भ्रष्ट ठरवण्याला. आज भारतीय विद्यार्थी अमेरिकेत शिकायला जातात, तेथील बँकेत खाते उघडतात आणि सी-के हे स्पेलिंग पाहून ‘यांना इंग्रजीच येत नाही’ असा शेरा मारतात. त्यांच्या या समजुतीला वृत्तपत्रातील लेखाचा आधार मिळू नये.

आपल्या पुरवणीतील या सदराची कात्रणे अनेक शाळांच्या भित्तिफलकांवर लावली जातात, असे मी पाहिले आहे. म्हणून लेखकाने पुढील एखाद्या भागात या दोन्ही विधानांची दुरुस्ती करावी आणि शक्य झाल्यास ‘शह’चा उल्लेख त्यात आवर्जून करावा, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त बँक कर्मचारी, पुणे