चूल आणि शेगडी एकाच पेटीत

हडर्सफील्ड,
ता. १४ नोव्हेंबर

चि. मुक्तास अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी तुझ्या घरून निघताना मी फारसे काही बोलले नाही, कारण समोर तुझ्या सासूबाई बसल्या होत्या आणि पहिल्याच भेटीत लेकीच्या नव्या घरातले दोष मोजून दाखवणे मला प्रशस्त वाटले नाही. पण स्किप्टनपासून घरापर्यंत सगळा वेळ माझ्या डोळ्यांपुढे तुझ्या स्टोव्हची काळीकुट्ट झालेली काच, त्याच्या अंगाला टेकवून रचलेली ओली लाकडे आणि भिंतीतल्या हवेच्या जाळीत कोंबलेला टॉवेल एवढेच येत होते. फोनवर सांगितले असते तर ‘हो आई’ म्हणून तू विसरून गेली असतीस, म्हणून लिहूनच पाठवते आहे. टॉवेलचे तेवढे पत्र पुरे होईपर्यंत थांबू नये. आधी उठून तो काढ आणि मग पुढे वाच.

आधीच्या मालकांनी मागे ठेवलेला तुझा तो बिडाचा स्टोव्ह मल्टिफ्युएल आहे, म्हणजे त्यात लाकूडही जळते आणि कोळसाही. ते कसे जमते हे समजायला तुला इंग्रजी माहितीपत्रक वाचायची गरज नाही, सांगलीच्या आजीचे स्वयंपाकघर आठवले तरी पुरे. तिच्याकडे स्वयंपाकाला चूल होती आणि पापड भाजायला, दूध आटवायला शेगडी होती. चुलीच्या तळाला जाळी नसायची. लाकडे राखेच्या थरावरच जळत आणि आजी चुलीतली सगळी राख कधीच काढत नसे, कारण त्या थरात रात्रीचा विस्तव सकाळपर्यंत टिकायचा. शेगडीला मात्र मधे जाळी आणि खाली चौकोनी तोंड असे, आणि त्या तोंडासमोर पुठ्ठ्याचा तुकडा हलवला की निखारे वरपर्यंत फुलून येत. तुझ्या स्टोव्हमध्ये या दोन्ही वस्तू एकाच पेटीत बसवलेल्या आहेत, त्यामुळे आज आपण चूल पेटवतो आहोत की शेगडी, हे काडी ओढण्याआधी ठरवावे लागते. तुझी बहुतेक दुखणी हे न ठरवल्यामुळेच झालेली आहेत.

यामागचे रसायनशास्त्र अगदी थोडक्यात सांगते. सव्वीस वर्षे शाळेत शिकवल्यामुळे ते सांगितल्यावाचून मला राहवत नाही. सुके लाकूड तापले की त्याच्या वजनाचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग वायूरूपाने बाहेर पडतो आणि ज्वाला म्हणून जे दिसते ते या वायूंचे जळणे असते. ते वायू वर जातात, म्हणून त्यांना लागणारी हवाही वरूनच मिळायला हवी. अँथ्रसाइटसारख्या कोळशात असे वायू दहा टक्क्यांच्याही आत असतात. तिथे जळतो तो घन कार्बन, जागच्या जागी, आणि त्याला हवा खालून, जाळीतून, थेट पोटात मिळावी लागते. तुझ्या स्टोव्हच्या खालच्या दारावर फिरवायची गोल चकती आहे, ती ही खालची हवा. काचेच्या वर जी आडवी सरकपट्टी आहे, ती वरची. वरून आलेली हवा तापून काचेच्या आतल्या बाजूने पडद्यासारखी खाली उतरते, धूर काचेपासून दूर ठेवते आणि मग ज्वालांना जाऊन मिळते. तुझी काच काळी झाली ती ही पट्टी तू जवळजवळ बंद ठेवलीस आणि लाकूड ओले होते म्हणून. काच घासायचे महागडे द्रव आणून त्यावर इलाज होणार नाही.

आता लाकडाचे सांगते. नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मे पाणी असते आणि स्टोव्हमध्ये घालण्याजोग्या लाकडात ते वीस टक्क्यांच्या आत असावे लागते. शेतकऱ्याने ट्रेलर भरून आणून टाकलेली तुझी लाकडे ‘सुकवलेली’ आहेत असे तो म्हणाला असेल, पण मी रविवारी एक ओंडका हातात घेतला तो मला चांगलाच जड लागला आणि दोन ओंडके एकमेकांवर आपटले तर खणखणीत आवाज यायच्या ऐवजी बद्द आवाज आला. समज, दोन किलोच्या ओंडक्यात पस्तीस टक्के पाणी आहे, म्हणजे सातशे ग्रॅम. तू तो आगीत टाकतेस तेव्हा आगीवर चहाच्या किटलीतले पाणी ओततेस, आणि त्या पाण्याची वाफ झाल्याशिवाय लाकूड तुला ऊब देणार नाही. उष्णता वाया जाते हे तर झालेच, पण त्याहून वाईट म्हणजे आग थंड पडल्यामुळे वायू न जळताच धुराड्यात शिरतात आणि तिथे डांबरासारखा चिकट थर होऊन बसतात. पुढे एखाद्या दिवशी स्टोव्ह जोरात पेटला की हाच थर पेट घेतो. धुराड्यातून आगगाडी गेल्यासारखा घरघराट ऐकू आला तर स्टोव्हची हवेची सगळी दारे बंद करायची, पाणी अजिबात ओतायचे नाही, सगळ्यांना घराबाहेर काढायचे आणि ९९९ हा इथला आणीबाणीचा नंबर लावायचा.

इंग्लंडमध्ये १ मे २०२१ पासून दोन घनमीटरपेक्षा कमी लाकूड विकायचे असेल तर ते ‘रेडी टू बर्न’ असा शिक्का असलेलेच विकावे लागते. ट्रेलरभर घेतले तर मात्र ओलेही विकता येते, फक्त ते कसे सुकवावे हे विकणाऱ्याने सांगायचे असते. तेव्हा या हिवाळ्यापुरत्या तू शिक्क्याच्या पिशव्या आण आणि हा ट्रेलर पुढच्या किंवा त्याच्या पुढच्या हिवाळ्याचा समज. ओंडके फोडून, जमिनीपासून उचलून, वर छप्पर आणि बाजू मोकळ्या अशा जागी रच. ताडपत्रीत गुंडाळून ठेवलेस तर ते सुकण्याऐवजी कुजतील. आणि स्टोव्हच्या अंगाला लावून तर एकही ओंडका ठेवू नकोस, कारण सुकवण्यासाठी म्हणून ठेवलेले लाकूड तिथल्या तिथे पेट घेऊ शकते.

पेटवण्याची रीतही चुलीच्या उलट आहे. दोन जाड ओंडके खाली, त्यावर बारीक ढलप्या आडव्या-उभ्या, आणि पेटवण सगळ्यांत वर. सांगलीला बंबासाठी वखारीतून आणायचो ती बंबफोड असते ना, तेवढ्या जाडीच्या ढलप्या हव्यात. आग वरून खाली उतरत जाते, धुराडे आधी तापते आणि खालून वर येणारा धूर ज्वालेतूनच जात असल्यामुळे जळून जातो. पहिली दहा-पंधरा मिनिटे दोन्ही हवा उघड्या ठेव. ओंडक्यांनी नीट पेट घेतला की खालची चकती बंद कर आणि पुढे सगळा कारभार वरच्या पट्टीवर चालव. जाळीवर बोटाच्या एका पेराएवढी राख राहू दे, आणि लाकूड जाळताना जाळी हलवायचा दांडा ओढू नकोस.

कोळशाच्या वेळी यातले जवळजवळ सगळे उलटते. जाळी स्वच्छ, राखेचा ट्रे रिकामा, खालची चकती उघडी आणि वरची पट्टी काच स्वच्छ राहील एवढीच किलकिली. ढलप्यांवर निर्धूर कोळशाच्या गोळ्यांचा आधी पातळ थर घाल, तो लाल झाला की मग भर. दर वेळी नवा कोळसा घालण्याआधी दांड्याने जाळी हलवावी आणि ट्रेमध्ये लाल ठिणग्या पडू लागल्या की थांबावे, नाहीतर राखेबरोबर विस्तवही खाली जातो. रात्रभर मंद ऊब हवी असेल तर ती कोळशाकडून घ्यावी. तू लाकडे ठासून भरतेस आणि सगळी हवा कोंडून झोपतेस, त्याने सकाळी निखारा मिळतो हे खरे, पण रात्रभर धुमसलेल्या लाकडाचा सारा धूर धुराड्याला आतून सारवून जातो.

राखेचा ट्रे वेळेवर रिकामा न करण्याची किंमत आम्ही पहिल्याच हिवाळ्यात मोजली. तुझ्या बाबांना वाटे की जाळी बिडाची आहे, तिला काय होणार? पण जाळीखालून वाहणारी थंड हवाच जाळीला वाचवत असते. ट्रेमधली राख शीग होऊन जाळीच्या तळाला टेकली की हवा तुंबते आणि वर रसरसता कोळसा असतो. जानेवारीतल्या एका सकाळी मी दार उघडले तर जाळीचे मधले दोन गज पिकलेल्या पपईच्या फोडीसारखे खाली ओघळलेले होते. नवी जाळी येईपर्यंतचे अकरा दिवस आम्ही स्वयंपाकघरात ओव्हनचे दार उघडे ठेवून काढले. तसलाच आणखी एक प्रमाद म्हणजे आग लवकर धरावी म्हणून राखेचे दार उघडे टाकून दुसऱ्या कामाला लागणे. तशाने भट्टी होते आणि आतला वरचा पत्रा वाकतो.

शेडमध्ये जुन्या घरगुती कोळशाचे अर्धे पोते पडलेले मी पाहिले. तो स्टोव्हमध्ये घालू नकोस. त्याची पिशवीबंद विक्री इंग्लंडमध्ये २०२१ साली आणि सुटी विक्री १ मे २०२३ पासून बंद झाली, ती त्याच्या धुरामुळे आणि गंधकामुळे. १९५२ च्या डिसेंबरात लंडनवर पाच दिवस जे विषारी धुके बसले आणि किमान चार हजार माणसे गेली, ते मुख्यतः असल्याच कोळशाचे होते, आणि त्यातूनच १९५६ चा स्वच्छ हवेचा कायदा आला. धूरनियंत्रण क्षेत्रे त्या कायद्यापासूनची; तुझे गाव त्यात येते का ते कौन्सिलच्या नकाशावर पाहून घे, कारण येत असेल तर मान्यता असलेल्या स्टोव्हशिवाय लाकूडही जाळता येत नाही. कोळसा आणि ओलसर लाकूड एकत्र जाळणेही टाळ: कोळशातले गंधक आणि लाकडातले पाणी यांचे आम्ल होते आणि ते धुराड्यातल्या पोलादी नळीला खाते. ती नळी ३१६ प्रतीची आहे की ९०४ ची, हे बसवणाऱ्याच्या प्रमाणपत्रावरून शोध. नेहमी कोळसा जाळायचा असेल तर ९०४ हवी. रंगवलेल्या फळ्या, प्लायवूड, औषध लावलेले कुंपणाचे खांब यांतले काहीही जाळायचे नाही, हे तुला वेगळे सांगायला नको.

आता टॉवेल. तुझा स्टोव्ह आठ किलोवॉटचा आहे. जुन्या घरांसाठी इथला नियम असा आहे की पाचच्या वरच्या प्रत्येक किलोवॉटला ५५० चौरस मिलिमीटर कायम उघडी हवेची वाट ठेवायची, म्हणजे तुझ्या घराला १६५० हवी, आणि ती जाळी त्याचसाठी आहे. गार वारा येतो म्हणून ती तू बंद केलीस की आगीला हवा कमी पडते, अर्धवट जळण्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि धुराडे ओढत नसेल तर तो खोलीत परततो. त्याला ना रंग ना वास. आपल्याकडे थंडीत शेगडी खोलीत घेऊन दार लावून झोपलेली कुटुंबे सकाळी उठली नाहीत, अशा बातम्या तू लहानपणापासून ऐकल्या आहेस. इथे फक्त शेगडीला सुबक काच लावलेली आहे. कपाटावर पुस्तकांमागे ठेवलेला, हा वायू ओळखून वाजणारा तो गजर स्टोव्हपासून एक ते तीन मीटरच्या आत, छताला, भिंतीपासून तीस सेंटिमीटर सोडून लाव आणि त्याचे बटण दर आठवड्याला दाबून पाहा. धुराडे लाकडासाठी वर्षातून दोनदा आणि नुसत्या निर्धूर कोळशासाठी निदान एकदा साफ करून घ्यायचे. तुमचे शेवटचे केव्हा झाले हे तुम्हा दोघांनाही सांगता आले नाही, तेव्हा ते होईपर्यंत पेटवू नये असेच मी म्हणेन.

खरे पाहता आठ किलोवॉट तुझ्या खोलीला जास्तच आहेत. दर चौदा घनमीटरला एक किलोवॉट असा ढोबळ हिशेब धरतात; तुझी खोली सुमारे बावन्न घनमीटर, म्हणजे चार पुरे. स्टोव्ह मोठा म्हणून खोली भट्टीसारखी तापते, म्हणून तू हवा कोंडतेस, म्हणून तो धुमसतो. आहे तो लगेच बदला असे मी म्हणत नाही, पण तोवर लहान आग करा, थोडे लाकूड घाला आणि ते मोकळे जळू द्या. दार उघडताना आधी बोटभर फट करून क्षणभर थांब. एकदम उघडलेस तर धुराचा लोट खोलीत येतो आणि जावयांच्या दम्याला ते बरे नाही.

राखेचे एवढेच: लाकडाची राख बागेत चालते, कोळशाची चालत नाही. आणि वर थंडगार दिसणाऱ्या राखेच्या पोटात दुसऱ्या दिवशीही इंगळ असतो, तेव्हा ती प्लास्टिकच्या डब्यात ओतू नकोस. आमच्या शेजाऱ्यांच्या कचऱ्याच्या डब्याला तशाने बुडच राहिले नव्हते.

शनिवारी आम्ही पुन्हा येतो आहोत. बाबा स्टोव्हच्या दाराची फट बंद करणारी कडेची नवी दोरी आणि ती चिकटवायचा सिमेंट घेऊन येतील. तुझ्या दारात कागदाचा कपटा धरून दार लावले तर तो सहज ओढून निघाला, म्हणजे जुनी दोरी दबली आहे. मी झाकणाची पत्र्याची बादली आणि ओलावा मोजायचे यंत्र आणते. ट्रेलरमधला एक ओंडका तेवढा आमच्यासमोर फोडायला ठेव, यंत्राचे काटे ताज्या फोडलेल्या अंगातच टोचायचे असतात.

तुझी,
आई