सिरपूरचं पाणी कुठून येतं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तलावांच्या सुशोभीकरणाच्या बातम्या आपल्या पत्रात अधूनमधून येतात. पाळीवर दिवे लागले, फिरायला फरशी झाली, बसायला बाकं आली. मी त्या आनंदाने वाचते. माणसं तलावाकडे जाऊ लागली तरच त्याची काळजी घेतील. पण तलावात पाणी कुठून येतं, याबद्दल त्यात एक ओळही नसते. त्यासाठी हे पत्र.

मी इंदूरच्या एका शाळेत 31 वर्षं भूगोल शिकवला. दर हिवाळ्यात नववीच्या मुलींना धार रोडवरच्या सिरपूर तलावावर न्यायचे. थापट्या, तलवार बदक, हळदी-कुंकू, वारकरी अशी पाणपक्ष्यांची नावं वह्यांत भरत जायची. चक्रवाकाची जोडी उतरली की एरवी बडबडणाऱ्या मुलीही गप्प व्हायच्या. एका वर्षी म्हटलं, पक्षी पुष्कळ पाहिले, आता जुलैत यायचं आणि पाण्याचा माग काढायचा.

पाऊस थांबून तासभरच झाला होता. तलावाला येऊन मिळणाऱ्या एका ओहोळाच्या काठाने आम्ही उलटे वर चालत निघालो. आधी सोयाबीनची शेतं लागली, गढूळ पण वाहतं पाणी होतं. पुढे नवी कॉलनी कापलेली, प्लॉटांवर चुन्याच्या रेघा. तिथे ओहोळच नव्हता. त्यावर मुरूम आणि मलबा टाकून रस्ता काढला होता, खाली नळीसुद्धा घातलेली नव्हती. अडलेलं पाणी पलीकडच्या उताराने शहराच्या गटाराकडे चाललं होतं. एका मुलीने विचारलं, "बाई, मग पाऊस पडला हे तलावाला कळणार कसं?"

मी अर्ज केला. दोन महिन्यांनी संबंधित कार्यालयाचं उत्तर आलं: सदर जागा तलावाच्या हद्दीबाहेर आहे. उत्तरात खोटं काही नव्हतं, आणि सगळं अडलं आहे ते तिथेच. सिरपूरची हद्द 161 हेक्टरांची. ती आपण जपतो, मोजतो, कुंपण घालतो. पण त्या हद्दीत पडणाऱ्या पावसावर काही तलाव भरत नाही. तो भरतो भोवतालच्या चढावरून, आणि तो चढ ना तलावाचा, ना कुणाच्या आराखड्यातला.

कायद्याला हे ठाऊक आहे. पाणथळ जागांविषयीचे 2017 चे केंद्राचे नियम सरासरी पूररेषेपासून 50 मीटरच्या आत बोटींचा धक्का सोडून पक्कं बांधकाम करू देत नाहीत. त्याच नियमांत 'प्रभावक्षेत्र' असा शब्द आहे: पाणथळीच्या तब्येतीवर ज्या जमिनीचा परिणाम होतो, ती जमीनही ठरवायची आणि तिथे काय चालेल हेही लिहून ठेवायचं. 50 मीटरची पट्टी सगळ्यांना पाठ आहे. प्रभावक्षेत्राचं नाव क्वचितच कुणी काढतं, कारण ती जमीन महाग आहे.

इंदूरजवळच्या यशवंत सागर धरणाचंही तेच. तिथला सारस पावसाळ्यात उथळ पाण्यात घरटं करतो, धरणाच्या कडेला तसंच भोवतीच्या ओल्या शेतांतही. फक्त धरण राखलं आणि शेतांत कॉलन्या उठल्या, तर पक्षी राहील कुठे? रालामंडल तर जेमतेम अडीच चौरस किलोमीटरचं अभयारण्य, 1989 साली झालेलं. टेकडीवर होळकरांचं शिकारगृह आहे. तिथून मी मुलींना चारी बाजू दाखवायचे, आणि दरवर्षी वस्ती थोडी जवळ आलेली दिसायची. जनावरांना दक्षिणेकडच्या जंगलात जायची वाट बंद झाली की अभयारण्य नावापुरतं उरतं.

1978 मध्ये नर्मदेचं पाणी इंदुरात आलं तेव्हा मी कॉलेजात होते. घरात सण होता. पण त्यानंतर पिढीच्या पिढी जुन्या तलावांकडे पाठ फिरवून वाढली, हेही मी पाहिलं. सिरपूर पुन्हा उभं राहिलं ते छायाचित्रकार पद्मश्री भालू मोंढे आणि त्यांच्या सोबत्यांनी वर्षानुवर्षं चिकाटी धरली म्हणून. 2022 मध्ये सिरपूर आणि यशवंत सागर दोन्ही जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेले. 2025 च्या जानेवारीत उदयपूरबरोबर इंदूरला 'रामसर पाणथळ शहर' हा मान मिळाला, भारतात सर्वांत आधी. मला त्याचा फार अभिमान आहे. मात्र हा मान सहा वर्षांपुरता असतो. पुढे पुन्हा तपासणी होते. तलावाला सहा वर्षं म्हणजे काहीच नाहीत. गाळ साचायला, जलपर्णी पसरायला, ओहोळ बुजायला किती काळ लागतो ते बघून आराखडा करायचा, तर तो निदान तीस वर्षांचा हवा.

शहराचा आधीचा मास्टर प्लॅन 2021 पर्यंतचा होता. पुढच्यात माझी एकच मागणी आहे. सिरपूर, यशवंत सागर, बिलावली या प्रत्येक तलावाला पाणी आणणारा प्रत्येक ओहोळ, दोन्ही काठांची पट्टी धरून, नकाशावर निळ्या रेघेने दाखवा. ती रेघ ओलांडून कॉलनीला मंजुरी देऊ नका. आणि दर पावसाळ्यात ते ओहोळ चालून बघायचं काम कुणाचं, ते पद त्याच कागदावर लिहा. बाकं आणि दिवे नंतर आले तरी चालतील.

त्या जुलैत मुलींनी काढलेला नकाशा माझ्याकडे आहे. पेन्सिलीचा आहे, प्रमाण थोडं चुकलं आहे, पण ओहोळ कुठे बुजला तिथे लाल फुली आहे. ज्या कार्यालयाला हवा असेल त्यांनी कळवावं, मी स्वतः आणून देईन.

आपली,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका
लोकमान्य नगर, इंदूर