घरात सकाळी आधी कोण उठतं?

चि. मनाली हिस,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री तू फोन ठेवलास, त्यानंतर मला झोप लागली नाही. बाबाही जागेच होते. पहाटे म्हणाले, "तिला पत्र घाल. फोनवर ती रडते, तू रडतेस, बोलायचं राहून जातं." म्हणून भांडी तशीच ठेवून लिहायला बसले आहे.

तू समाजकार्यकर्ती म्हणून जातेस त्या शाळेतला, सातवीतला एक मुलगा तीन आठवडे आला नाही. आईबाप बांधकामावर. वास्कोजवळ झुआरीनगरच्या त्या खोलीला तू दोनदा जाऊन आलीस, दोन्ही वेळा कुलूप. आणि शाळेत तुला सांगतात, ही मुलं येतात-जातात, नाव कमी करून टाका. "आई, दोन शाळा, एवढी मुलं, मी एकटी कुठं कुठं पुरणार?" असं तू म्हणालीस. मुलाचं नाव तू मला सांगितलं नाहीस, ते बरं केलंस. मीही विचारणार नाही.

बाय, तुला एक गोष्ट आजवर सांगितलेली नाही. लाज वाटायची. पण आता तू स्वतः हेच काम करतेस, तेव्हा तुला ती कळायला हवी.

२०१२ साल तुला आठवत असेल, तू आठवीत होतीस. पावसाळ्यात खनिजाचे ट्रक उभेच असायचे, त्याचं कुणाला काही वाटायचं नाही. पाऊस सरला की हंगाम, असं धरून हप्त्यांची बांधणी केलेली असायची. त्या वर्षी गणपतीची चवथ तोंडावर असताना गोवा सरकारनं खाणी थांबवल्या आणि ५ ऑक्टोबरला सुप्रीम कोर्टाचा हुकूम आला. पाळी-वेळग्याच्या ज्या रस्त्यावर पोरांना हात धरून पलीकडे न्यावं लागायचं, तिथं भर दुपारी कुत्री झोपायला लागली. खाणींनी आपल्या शेतांचं आणि विहिरींचं काय केलं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे, त्यामुळे बंदी चूक होती असं मी कधी म्हटलं नाही, आजही म्हणत नाही. पण ट्रकवर कर्ज होतं, आणि कर्जाला यातलं काही ऐकू येत नाही. दिवाळीपर्यंत आपल्या ट्रकच्या मागच्या चाकावर कारेटीची वेल चढली. नरकचतुर्दशीला फोडायची कारेटी त्या वर्षी तू तिथूनच तोडलीस. बाबा ते बघून उठून बाहेर गेले आणि रात्री पिऊन आले. तिथून ते रोजचं झालं.

हे सगळं तुला ठाऊक आहे. ठाऊक नाही ते पुढं.

नोव्हेंबरात मी काजूच्या फॅक्टरीत लागले. जानेवारीत मी ठरवलं, तुझं नाव शाळेतून काढायचं. म्हापशाला एका घरी तान्हं मूल सांभाळायला मुलगी हवी होती. राहून-जेवून महिना हजार रुपये. बोलणं झालं होतं, दिवससुद्धा ठरला होता. तुला मावशीकडे नेते असं सांगून मी तिथं सोडून येणार होते.

त्याच आठवड्यात, शनिवारी दुपारी, शाळेतल्या काउन्सेलर बाई घरी आल्या. त्या आठवड्यातून दोनच दिवस तुमच्या शाळेत असायच्या, बाकीचे दिवस दुसऱ्या शाळांत. मला दुरून दिसल्या. कदंबाच्या बसमधून उतरून चढण चढत होत्या, छत्री उन्हाला धरलेली. मी मनात उत्तरं जुळवून ठेवली: पोटात दुखतं, ताप येतो, आता बरी आहे, सोमवारपासून पाठवते.

त्यांनी दारात चपला काढल्या. हातातली वही पिशवीत घातली आणि पिशवी भिंतीकडे ठेवली, ते मला अजून डोळ्यांपुढे दिसतं. सोप्यावर आजीच्या शेजारी बसल्या, पाणी मागितलं, आजीला तिचं माहेर कुठलं ते विचारलं. ट्रककडे त्यांचं लक्ष गेलं, पण त्याबद्दल एक शब्द नाही. मग मला म्हणाल्या, "घरात सकाळी आधी कोण उठतं?"

या प्रश्नाचं उत्तर मी जुळवलेलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं, "मनाली."

मग एकातून एक निघत गेलं. नळाला पाणी पहाटे पाचला, ते भरायचं तू. साडेसहाला मला फॅक्टरीची गाडी. आजीची एक बाजू गेलेली, तिला धुवायचं, पेज भरवायची. बाळू चार वर्षांचा, अंगणवाडी नऊला उघडणार. तुझी बस सव्वासातची. म्हणजे तू शाळेत पोचणार साडेनऊ-दहाला, आणि उशीर झाला म्हणून वर्गाबाहेर उभी राहणार. असं चारदा झालं आणि तू जायचंच सोडलंस. मी आई असून मला हे सलग कधी दिसलं नव्हतं. तुकड्या-तुकड्यानं सगळं माहीत होतं, पण पोर शाळेत का जात नाही याचं उत्तर माझ्याकडे "कंटाळा करते" एवढंच होतं. शाळेच्या नोंदीतही तेच होतं.

बाईंनी विचारलं, पुढं काय ठरवलंय? मी म्हापशाचं सांगून टाकलं. आता त्या ओरडतील, पोलिसांचं नाव काढतील, असं वाटलं. त्या गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "हे कायद्यात बसत नाही, चौदाच्या आतल्या मुलीला घरकामाला ठेवणं गुन्हा आहे, ते मला तुम्हाला सांगावंच लागेल. ती गेलीच, तर मला कळवावंही लागेल." आणि लगेच पुढं, त्याच आवाजात, "किती देणार होते?"

"हजार."

"मग आपण हजार रुपये दुसरीकडून कसे येतील ते बघू."

मनाली, मी बाई होते, आई होते, कामगार होते, पण त्या दिवसांत मला कुणी 'आपण' म्हटलं नव्हतं.

मग वही बाहेर आली. तीसुद्धा माझ्या हातात दिली. आजीसाठी सरकारी पेन्शनीचा, म्हणजे दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचा अर्ज मी माझ्या अक्षरात लिहिला. त्या सांगत होत्या आणि मी लिहीत होते, चुकलं तर खोडून परत. मला राग आला होता, तुम्हीच का लिहीत नाही म्हणून. पंधरा वर्षांच्या निवासाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, पासबुक. डिचोलीच्या मामलेदार कचेरीत तीन खेपा झाल्या. पहिल्या खेपेला त्या बरोबर होत्या, दुसऱ्या खेपेला म्हणाल्या, तुम्ही जा, अडलं तर फोन करा. तिसऱ्या खेपेला मला फोन करावा लागला नाही. महिन्याचे दोन हजार मंजूर व्हायला पावसाळा उजाडला. तोवर बचत गटाकडून उचल घेतली, तीही गटातल्या बायकांशी बाईंनी बोलून नव्हे, मी बोलून.

शाळेत त्यांनी काय केलं ते मला नंतर कळलं. वर्गशिक्षकांना एवढंच सांगितलं की घरी आजारपण आहे, दुसऱ्या तासापर्यंत आली तरी तिला वर्गात घ्या. बाबांच्या दारूचा शब्द स्टाफरूममध्ये गेला नाही. मी सावध होते, गावात असलं वाऱ्यावर पोचतं, पण ते कधी माझ्या कानावर परत आलं नाही. बाळूला शेजारच्या वहिनी त्यांच्या नातीबरोबर अंगणवाडीत न्यायला लागल्या. मीच कधी विचारलं नव्हतं, मानापायी. आणि तू शाळेत जाऊ लागलीस म्हणजे दुपारचा भाजी-पावही तुला मिळू लागला, जो त्या दिवसांत घरातल्या जेवणापेक्षा बरा होता.

तुझ्या वह्या आणि स्वेटर आठवतात? पालक-शिक्षक संघाकडून होते. बाईंनी ते तुझ्या दप्तरात घालून पाठवले, बाकीच्या मुलांसारखेच, खाकी कागदात. त्याच वर्षी तालुक्यात एका कार्यक्रमात खाणपट्ट्यातल्या मुलांना स्टेजवर बोलावून वह्या वाटल्या, फोटो काढले. त्यातली एक मुलगी आपल्या वाड्यावरची होती. तिच्या आईनं ते वर्तमानपत्र चुलीत घातलं. एवढंच मागते तुझ्याकडे: तुझ्या शाळेत कुणी देणगी घेऊन आलं आणि मुलांना रांगेत उभं करायला लागलं, तर तू आडवी ये. नोकरीत नवी आहेस म्हणून गप्प राहू नकोस.

बाबांना त्यांनी बांबोळीच्या मानसोपचार इस्पितळाचं सांगितलं. बाबा दोनदा उठून गेले. तिसऱ्यांदा बाई त्यांच्याशी दारूवर बोलल्याच नाहीत, ट्रकवर बोलल्या, इंजिन कोणतं, हप्ते किती राहिले. बाबा तासभर बोलले. इस्पितळात ते त्यानंतर दोन महिन्यांनी गेले, आपल्या पायांनी. सुटलं आणि परत लागलं, तू अकरावीत असताना किती वाईट दिवस होते ते तू पाहिलंस. पण पुन्हा गेले.

आणि ट्रक गेलाच. कर्जवाल्यांनी ओढून नेला. बाईंना मी विचारलं होतं, काही करता येईल? त्या स्पष्ट म्हणाल्या, "हे माझ्याच्यानं होणार नाही. खोटी आशा देत नाही." मला त्या दिवशी वाईट वाटलं, पण पुढं त्यांच्या प्रत्येक शब्दावर भरवसा बसला तो त्यामुळेच. तूही कुणाला उगाच 'बघते' म्हणू नकोस. गरीब माणूस त्या 'बघते'वर महिना काढतो.

तू कॉलेजात असताना वाचून दाखवायचीस, की अमेरिकेत १९०६ च्या सुमारास न्यू यॉर्कला काही बायका शाळेतून मुलांच्या घरी जाऊ लागल्या, त्यातून शाळेतल्या समाजकार्याचा हा व्यवसाय उभा राहिला. आणि आपल्याकडे मुंबईला टाटांची समाजकार्याची शाळा १९३६ साली निघाली. मला तेव्हा हसू आलं नाही, कारण मी छत्रीवाल्या बाई पाहिल्या होत्या. शंभर वर्षांपूर्वीही कुणीतरी असंच चढण चढून गेलं असेल, एवढंच मनात आलं.

आता त्या मुलाचं. नाव कमी करायला तू हो म्हणू नकोस. बाळूच्या वेळी मी सरकारी प्राथमिक शाळेच्या व्यवस्थापन समितीवर होते. त्या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असाव्या लागतात, म्हणून माझं नाव घातलं होतं. नावापुरती बसायचं नाही असं ठरवून शिक्षण हक्क कायदा मी ओळीओळीनं वाचला. २००९ चा कायदा, १ एप्रिल २०१० पासून लागू. आठवी होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. आणि तो कुठं दुसरीकडे गेला असेल, तर शाळा सोडल्याचा दाखला नाही म्हणून तिथं त्याचा प्रवेश अडवता येत नाही. तुला हे माझ्याहून जास्त माहीत आहे. पण तू काल फोनवर ते बोलली नाहीस, म्हणून लिहिते. हेडमास्तरांशी भांडू नकोस, त्यांच्यापुढे तो कायदा ठेव आणि दोन आठवडे माग.

कुलूप होतं म्हणालीस. तू गेलीस किती वाजता? शाळा सुटल्यावर, चारला? बांधकामावरची माणसं तेव्हा घरी कशी असतील? पहाटे जा, नाहीतर रविवारी जा. एकटी जाऊ नकोस, अंगणवाडी सेविकेला बरोबर घे, तिला गल्लीतली घरं ठाऊक असतात. शेजारणीला आधी पाणी माग. तुझी भाषा तिला येत नसेल तर वर्गातल्या कन्नड बोलणाऱ्या मुलाला दुभाष्या करू नकोस, त्याच्या कानावर नको ते पडेल. मोठं माणूस शोध. आणि मुलगा भेटला तर शाळेत का येत नाहीस असं विचारू नकोस. काय विचारायचं ते तुला सांगितलंच आहे. तो कामाला लावला आहे किंवा कुणी त्याला मारतं आहे असं दिसलं तर मग थांबायचं नाही, १०९८ या मुलांच्या मदतीच्या फोनवर कळवायचं. आणि ते कळवणार आहेस हे त्याला आणि आईलाही आधी सांग, बाईंनी मला सांगितलं तसं.

कुठंतरी त्याचेही हजार रुपये असतील, बाय. ते कुठले, हे आधी शोध.

आजीच्या फोटोला हार घालताना आज मी तिला म्हटलं, तुझ्या पेन्शनीवर शिकलेली पोर आता दुसऱ्यांच्या दारात जाते.

सोलकढीसाठी आमसुलं आणि तुझा निळा स्वेटर पिशवीत घातला आहे. नाही, तो नव्हे, तो केव्हाच फाटला; मी विणलेला.

बाबा बालरथ, म्हणजे शाळेची बस, घेऊन गेले आहेत. तिसऱ्या स्टॉपवर एक पोरगी रोज धावत येते, तिच्यासाठी दोन मिनिटं थांबतात म्हणून पुढचे पालक कुरकुर करतात, तरी थांबतात. जाताना म्हणाले, झुआरीनगरकडे खडी घालणारा एक ड्रायव्हर त्यांच्या ओळखीचा आहे. तीन आठवड्यांत कुठल्या साइटचे कामगार कुठं हलवले, एवढंच त्याला विचारतील, मुलाचा विषय काढणार नाहीत. संध्याकाळी सातनंतर त्यांना फोन कर.

तुझी,
आई