पूलचा अलार्म आपल्या प्राण्याच्या वजनाने तपासा

मा. संपादक यांस, स.न.वि.वि.

वडोदऱ्यात भायली, सिंधरोटकडच्या बंगल्यांत नि फार्महाऊसवर स्विमिंग पूलला मोबाइलशी जोडलेले अलार्म लावले जातात. हे अलार्म सहसा लहान मूल पडल्यावर उठणाऱ्या लाटेच्या हिशेबाने बनवलेले असतात. 3 किलोचं मांजर किंवा पायरीवरून अलगद घसरलेलं पिल्लू तेवढी लाट उठवतच नाही. संवेदनशीलता वाढवावी, तर वाऱ्यापावसात तो उगीच कोकलतो आणि वैतागून कुणीतरी बंद करून ठेवतं.

मांजर 3 किलोचं असेल तर 3 लिटरचा कॅन पाण्याने काठोकाठ भरा, दोरी बांधा आणि अलार्मपासून सर्वांत लांबच्या कोपऱ्यात हळूच सोडा. एकदा फिल्टरचा पंप चालू ठेवून, एकदा बंद करून. वाजला नाही, तर गळ्यातल्या पट्ट्याला लावायचा, पाण्यात बुडताच वाजणारा सेन्सर घ्यावा. नुसत्या मोबाइलवर विसंबू नये. राउटर इन्व्हर्टरवर नसेल तर वीज जाताच सूचना थांबतात. घरात बॅटरीवरचा भोंगा हवाच.

अलार्म फक्त कळवतो, बाहेर काढत नाही. पूलची उभी स्टीलची शिडी कुत्र्याला चढता येत नाही. तो पडला त्याच काठाला नखं घासत राहतो आणि दमून बुडतो. खालचं टोक पाण्यात पुरेसं बुडलेलं राहील असा खरबरीत रॅम्प बसवा, आणि त्याला पोटाखाली हात देऊन वेगवेगळ्या काठांवरून तिथवर पोहायला शिकवा. पाण्यावर तरंगतं प्लास्टिकचं आवरण मात्र प्राणी असलेल्या घरात नकोच. प्राणी त्याखाली अडकतो, आणि लाट दबल्याने अलार्मही वाजत नाही.

– एक प्राणीप्रेमी वाचक, वडोदरा