सुमे, तू तेव्हा काय पाहिलं होतंस?

जर्सी सिटी,
रविवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय सुमे,

गेल्या दिवाळीत फोनवर "सविस्तर पत्र लिहिते" म्हणाले होते आणि आता दुसरी दिवाळी तोंडावर आली. रागावली असशील तर पोटभर रागाव, पण पत्र शेवटपर्यंत वाच. माझा गुडघा आहे तसाच आहे, ह्यांची साखर आटोक्यात आहे. तब्येतीचं एवढंच.

जे झालं ते तुलाच सांगता येईल. इथे मैत्रिणी पुष्कळ आहेत, पण त्यांना आपलं १९८८ ठाऊक नाही.

ऑगस्टमध्ये चिमीला ओहायोला कॉलेजात सोडायला गेलो होतो. जिकडेतिकडे आईबाप गाद्या-उशा उचलून नेत होते. चिमीने जीन्स-टीशर्टवर मुगाएवढी लाल टिकली लावली होती. हॉस्टेलच्या दारात मी तिचा चेहरा हातांत धरला. तिला वाटलं, आजी पापा घेतेय. आणि मी नखाने ती टिकली काढली, सुमे. माझ्या हाताने. "इथे नको गं, नवी जागा आहे," एवढंच बोलले. ती तेव्हा गप्प राहिली. आठ दिवसांनी तिचा फोन आला. "आजी, खरं सांग, तुला भीती वाटली की लाज?"

मला उत्तर देता आलं नाही. अजून देता येत नाही.

१९८७ मी तुला कधी धड सांगितलंच नाही. त्या उन्हाळ्यात इथल्या वर्तमानपत्रात एक पत्र छापून आलं, खाली सही 'डॉटबस्टर्स'. डॉट म्हणजे आपलं कुंकू. भारतीयांना जर्सी सिटीतून हाकलून लावू, फोनच्या पुस्तकात पटेल आडनाव शोधून घरं गाठू, असं उघड लिहिलेलं. सप्टेंबरअखेर पलीकडे होबोकेनमध्ये टोळक्याने एका भारतीय तरुणाला मारलं, त्यात तो गेला. पारशी होता गं. त्याच्या कपाळावर काय होतं? लगेच पाठोपाठ आमच्याच गावात एका भारतीय डॉक्टरला बेशुद्ध पडेपर्यंत मारलं. आमचं घर तिथल्याच जर्नल स्क्वेअरजवळ. मला कोणी काही सांगितलं नाही, ह्यांनीही नाही. एका सकाळी मीच आरशासमोर उभी राहिले, कुंकू पुसलं आणि कामावर गेले. गाडीत माझ्याकडे कोणी वळून पाहिलं नाही, तेव्हा हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याचाच मला आज सगळ्यात जास्त त्रास होतो. १९९० साली राज्याने अशा गुन्ह्यांसाठी कायदा केला. माझं कपाळ मात्र तसंच राहिलं.

आणि त्याच्या मधे, १९८८ साली, बाळूच्या लग्नाला कल्याणला आले, तर पारनाक्यावर सगळ्या बायकांसमोर तू माझं तोंड धरून कपाळावर हे एवढं कुंकू ओढलंस. "आधी कपाळ भर, मग चहा!" मी काय बोलले ते तुला आठवत असेलच. ठाणं ओलांडलं नाहीस आणि मला अमेरिका शिकवतेस. मग तीन वर्षं पत्र नाही. त्या तीन वर्षांत तुझी आई गेली आणि मला ते बेबीमावशीकडून कळलं. ते शब्द मी परत घेते, सुमे. फार उशिरा, पण घेते.

आता पुढचं ऐक. आमची पलीकडची शेजारीण घर विकून उत्तरेकडे मुलीकडे राहायला गेली. तीच, जिच्याबद्दल तू पहिल्याच पत्रात विचारलं होतंस, "हा हिचा कितवा नवरा?" पहिलाच गं! बावन्न वर्षं संसार केला, सासूचं अंथरुणातलं सगळं नऊ वर्षं केलं. तिनेही मला पहिल्याच महिन्यात विचारलं होतं की लग्नाआधी नवऱ्याचं तोंड तरी दाखवतात का. तुझा प्रश्न मी तिला परवा सांगितला तर खोकला लागेपर्यंत हसली.

तिची भांडी कागदात गुंडाळत बसलो होतो. मधेच म्हणाली, "तू आलीस तेव्हा कपाळावर लाल ठिपका लावायचीस. छान दिसायचा. मग बंद केलास. मला वाटलं, तुमच्यात लग्न नवं असेपर्यंतच लावत असतील." माझा हात थांबला. ३८ वर्षं मी धरून चालले होते की हिला सगळं ठाऊक आहे आणि ही मुद्दाम गप्प आहे. कदाचित मनातून बरंच वाटलं असेल हिला. मी तिला ते पत्र सांगितलं. ती म्हणाली, "वाचलं होतं मी ते. याच टेबलावर. पण ते तर हिंदूंबद्दल होतं. तू माझी शेजारीण."

सुमे, हे ऐकून मला बरं वाटावं की वाईट, तेच कळेना. ती मनाची चांगली, एका शब्दाने खोटं बोलत नव्हती. पण 'हिंदू' एका फडताळात आणि मी दुसऱ्या, आणि मधलं दार तिने कधी उघडलंच नाही. मीही तेच केलं. ती माझी, आणि बाकीचे सगळे 'हे अमेरिकन लोक'. ह्यांना मायेचा ओलावा नाही, म्हाताऱ्यांना टाकतात, हे मी दर सुट्टीत तुमच्या ओट्यावर बसून सांगितलंय, आणि ती त्याच वेळी सासूला भरवत होती. आपल्या पार्ट्यांमध्ये काळ्या माणसांबद्दल जे बोललं जातं तेही मी ऐकत बसले, एकदाही उठले नाही. पंडिता रमाबाई जेमतेम तीन वर्षं इथे होत्या. १८८९ साली मराठीत पुस्तक लिहून बायकांच्या शिक्षणाचं तोंडभर कौतुक केलं आणि काळ्यांना इथे कसं वागवतात त्यावर कोरडेही ओढले. दोन्ही बघितलं त्या बाईने. मला चाळीस वर्षं मिळाली होती.

तिला सोडायला मीही गेले. वाटेत पोकीप्सी लागतं. मी म्हटलं, इथल्या दफनभूमीत माझ्या गावची एक मुलगी आहे, थांबूया. आपल्या कल्याणची आनंदी गं, शाळेत तू तिचं भाषण पाठ केलं होतंस आणि मधेच अडलीस! कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत तिची राख आहे. पलीकडचीने विचारलं, ही यांच्यात कशी? मग सांगितलं. गोपाळरावांनी बायकोच्या शिक्षणासाठी मदत मागणारं पत्र मिशनऱ्यांना लिहिलं. ते मासिकात छापलं, वर संपादकाने ख्रिस्ती होण्याचा सल्ला जोडला. तेच मासिक १८८० साली रोझेलच्या कार्पेंटरबाईने दाताच्या डॉक्टरकडे वाट बघत बसलेली असताना वाचलं. रोझेल आमच्यापासून अर्ध्या तासावर आहे. संपादकाला त्या पत्रात बाटवायला योग्य जोडपं दिसलं, या बाईला एक मुलगी दिसली. तिने स्वतःहून कल्याणच्या पोरीला पत्र लिहिलं, १८८३ साली घरात ठेवून घेतलं. १८८६ मध्ये आनंदी डॉक्टर झाली, पुढच्या वर्षी पुण्यात गेली, एकविसाव्या वर्षी, आणि गोपाळरावांनी राख त्या घरी पाठवली.

फोनवर मी तिला १८८५ चा तो फोटो दाखवला. आनंदी, शेजारी तिच्या मेडिकल कॉलेजातली एक जपानची आणि एक सीरियाची, तिघी आपापल्या देशाच्या कपड्यांत. पलीकडचीने फोटो बोटांनी मोठा केला आणि बराच वेळ आनंदीचं कपाळ बघत राहिली. काही बोलली नाही. गाडीत बसल्यावर माझा हात धरला, तो घर येईपर्यंत सोडला नाही.

चिमी नोव्हेंबरात सुट्टीला येतेय. तिला उत्तर द्यायचंय. भीती होती म्हणावं तर ते खरं आहे, त्यासाठी माणसं मेली आहेत. पण नुसती भीती असती तर कल्याणच्या मांडवात मी कुंकू लावलं असतं. तिथे मला कोण मारणार होतं? माझा चेहरा तेव्हा इतक्या जवळून फक्त तू पाहिलास, तुझ्या हातात होता तो. काय होतं त्यावर? मला राग येईल याची काळजी न करता लिही.

मोतीबिंदूचं झालं का एकदाचं? डावा की उजवा तेही विसरले. जावयांची नाशिकची बदली रद्द झाली का? शकूच्या मुलीचं ठरलं असं उडत उडत कळलं, मुलगा काय करतो? बाळूला म्हणावं, वहिनीच्या गुडघ्यासाठी पट्टा पाठवलाय, वापरा तो. खोक्यात ठेवू नका.

उत्तर नोव्हेंबरच्या आत हवं. फोन नको, लिहूनच पाठव.

तुझीच,
मंदी