डीएफओ साहेब, टेकडीवर पेव्हर ब्लॉक नकोत, दोन फुटांची मातीची वाट हवीय

मा. विभागीय वनाधिकारी, इंदूर यांस,
सादर नमस्कार.

साहेब, आम्ही राजेंद्रनगर, सुदामानगर, राऊ इकडची काही मराठी आणि बरीचशी अमराठी मंडळी, सुटीच्या दिवशी उजाडायच्या आत जाड टायरच्या सायकली काढतो आणि सिमरोल, चोरल, जानापावच्या बाजूला निघतो. माउंटन बायकिंग म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे हिमालय आणि कड्यावरून उड्या मारणारी पोरं येतात, पण खरं सांगू का, शिकायला आपल्या माळव्यासारखी जमीन नाही. इंदूर साडेपाचशे मीटरवर, जानापाव साधारण साडेआठशेवर आणि मधे सगळ्या बुटक्या टेकड्या. चढ दम काढतो न काढतो तोच संपतो, मग उतार, मग एखादा नाला, दोन शेतं, परत चढ. दहावीतली मुलगी आणि तिचे पन्नाशीतले बाबा दोघं एकाच वाटेवर जाऊ शकतात, अशी ही जमीन.

आता मुद्दा. आपल्याकडे टेकडी डेव्हलप करायची म्हटली की आधी कमान, मग तिकीट खिडकी, मग वरपर्यंत पेव्हर ब्लॉक, लोखंडी रेलिंग आणि शेवटी आय लव्ह अमुक-तमुक अशी मोठी अक्षरं. बजेट दिसतं, उद्घाटन होतं, ठीक आहे. पण आम्हाला जे हवंय ते याच्या एक दशांश पैशात होतं, आणि झाल्यावर फोटोत फारसं दिसतही नाही. गुरांच्या आणि माणसांच्या जुन्या पायवाटा आहेत, त्यातल्या चांगल्या निवडायच्या, वाईट बंद करायच्या, मधले तुकडे नीट उतार बघून जोडायचे, रुंदी दोन ते तीन फूट, झाड एकही तोडायचं नाही. बस.

नीट उतार बघून हे मी जोर देऊन लिहितोय, कारण सगळा खेळ तिथेच आहे. इंटरनॅशनल माउंटन बायसिकलिंग असोसिएशन ही संस्था 1988 पासून हेच काम करतेय आणि त्यांचा नियम साधा आहे, टेकडीचा उतार जेवढा असेल त्याच्या निम्म्याहून जास्त उतार वाटेला द्यायचा नाही, आणि एकूण सरासरी शंभर फुटांत दहा फुटांच्या आत ठेवायची. म्हणजे वाट टेकडीच्या कडेकडेने वळत जाते, पाणी एका बाजूने येतं आणि दुसऱ्या बाजूने निघून जातं. आपल्या टेकड्या बुटक्या म्हणून लोक सरळ नाकासमोर वाट काढतात, हा एवढुसा तर चढ आहे म्हणतात, आणि तिथेच गाडी फसते, कारण सरळ वाटेवर पडलेलं पाणी बाहेर जायला जागाच शोधू शकत नाही, वाटेवरूनच धावतं आणि दोन पावसाळ्यांत तिची नाली होते. हे काही परदेशी ज्ञान नाही हो, पातालपाणी ते कालाकुंड रेल्वे बघा, 1870 मधे दुसऱ्या तुकोजीरावांनी इंग्रजांना एक कोटी कर्ज दिलं आणि त्यातून ही होळकर स्टेट रेल्वे झाली, तो घाट चाळीस फुटांत एक फूट अशा उतारावर डोंगराच्या कुशीकुशीने उतरवलाय, म्हणून आजही त्यावर हेरिटेज ट्रेन चालते.

दुसरी गोष्ट मातीची. काळी माती पावसात काय करते ते तुमच्या नाकेदारांना, म्हणजे वनरक्षकांना विचारा. दहा पावलं सायकल ढकलली की टायर दुप्पट जाड होतो, ब्रेक आणि फोर्कच्या मधे चिखल भरून चाक फिरायचंच बंद होतं, मग खाकऱ्याची, म्हणजे पळसाची काडी तोडून खरवडत बसायचं, आणि तोपर्यंत बुटांचं वजन किलोभर. उन्हाळ्यात त्याच मातीला चाक अडकेल एवढ्या भेगा. त्यामुळे वाट जमेल तिथे मुरमावरून न्यायची, काळ्या मातीचा पट्टा आलाच तर तिथे फक्त दगड बसवायचे, आणि पावसाळ्यात ट्रेल सरळ बंद. हो, बंदच. पावसात सगळं इंदूर तिंछा आणि पातालपाणीच्या धबधब्यांवर लोटतं, आमचा सीझन त्यांचा संपल्यावर सुरू होतो, दसऱ्यापासून होळीपर्यंत. तुमच्या स्टाफला गर्दी सांभाळायची त्या दिवसांत आम्ही तिथे नसूच.

गेल्या वर्षी एका टेकडीवर (नाव लिहीत नाही, कुणी केलं त्यातही जात नाही) छान पायवाट होती, गावच्या बायका मोळी घेऊन त्याच वाटेने उतरायच्या, तिच्या मधोमध जेसीबीने आडवी खंती, म्हणजे खोल चर खणून टाकली. गुरं आत जाऊ नयेत म्हणून. गुरं पलीकडून जातातच, बायकांना मात्र लांबून फिरून यावं लागतं, आणि खंतीच्या टोकाला जे पाणी साठलं त्याने वाटेचा उरलेला भाग कापून नेला. खंती आवश्यक असेल, पण वाटेच्या जागी चार फूट सोडून दोन मोठे दगड तिरपे ठेवले असते तर माणूस आणि सायकल गेली असती, गाय आणि बुलेट अडली असती. बुलेटवाल्यांचा त्रास आम्हालाही आहेच, भिया लोक सायलेन्सर काढून वर येतात.

सायकलने माती झिजते असं एका साहेबांनी मला ऐकवलं. थोडी झिजतेच. पण 1994 मधे अमेरिकेतल्या मोंटानात हे तपासलं होतं, घोडे, चालणारे, सायकल, मोटरसायकल सगळे एकाच वाटेवर, आणि खुरांनी आणि पावलांनी चाकांपेक्षा जास्त माती सुटी केली होती, ओल्या वाटेवर तर आणखीनच. म्हणजे खरा प्रश्न वाट कुठून काढली आणि ओली असताना वापरली का, एवढाच.

रालामंडल आम्ही मागतच नाही, ते 1989 पासूनचं अभयारण्य आहे, राहू दे. महूच्या फायरिंग रेंजच्या बाजूलाही फिरकायचं नाही. बिबटे या भागात आहेत, म्हणून सूर्य मावळायच्या तासभर आधी ट्रेल रिकामी, हा नियम तुम्हीच पाटीवर लिहा, आम्ही पाळतो. निलगायीच्या पाणवठ्यांपासून वाट किती लांब हवी ते तुमचे बीटवाले आमच्यापेक्षा चांगलं सांगतील.

आणि देखरेख गावच्या वन समितीकडे द्या. पावसानंतर पाणी निघून जायच्या जागा मोकळ्या करायला फावडं, कुदळ आणि गावातली चार माणसं पुरतात, मजुरी सायकलवाल्यांच्या वर्षाच्या पासातून निघेल. पार्किंगपाशी गावच्या बायकांनी चहा आणि दाल-पानिये (डाळ आणि पानात भाजलेल्या मक्याच्या भाकऱ्या) ठेवले तर शहरातले लोक सायकल नसली तरी येतील, खाण्याच्या बाबतीत इंदूरवाल्यांना ढकलावं लागत नाही.

साहेब, सध्या एकच तुकडा द्या, चार-पाच किलोमीटरचा, एका वर्षासाठी, ट्रायल म्हणून. कुठला ते तुम्ही ठरवा. दसऱ्यानंतर माती वाळली की एक सकाळ आमच्यासोबत चालत या, उतार मोजायचं यंत्र आणि खुणेच्या झेंड्या आम्ही आणतो, डेप्युटी रेंजर साहेब आणि समितीचे अध्यक्ष सोबत असले तर तिथल्या तिथे रेघ आखून होईल. अर्ज ऑफिसात दिलाय, नकाशाही जोडलाय, फक्त तारीख कळवा.

आपला,
राजेंद्रनगरचा एक सायकलवाला