बुट्टीचं माप

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज मिळाला. "आई, टीव्हीखाली ठेवलीयस ती कापडी बास्केट कशी शिवायची?" गौरी गेल्या त्याला आज अठरा दिवस झाले, आणि तेवढ्या दिवसांत आलेलं तुझं हे पहिलं वाक्य. बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, लगेच फोन लाव. मी लावला नाही. फोनवर माझ्या तोंडून पहिला प्रश्न कुठला निघतो ते तुलाही माहीत आहे. लिहिताना निदान खोडता येतं. वर दोन ओळी खोडल्या आहेत, त्या उजेडासमोर धरून वाचत बसू नकोस.

तर बुट्टी. तू बास्केट म्हण, मी आजीचाच शब्द वापरणार. या पत्रात फक्त बुट्टीबद्दल लिहायचं असं ठरवून बसलेय.

पार्सलमध्ये दीड मीटर मांजरपाट ठेवलाय. बाबांच्या मागावर चढलेल्या शेवटच्या बीमातला आहे. माग भंगारात गेले त्या आठवड्यात त्यांनी एक ताका घरी आणला होता, तो अजून कपाटावर आहे. मी म्हटलं, पोरीला पुण्यात चांगलं छापील कापड मिळतं, हे कोरं कशाला? झालं, त्यांची टेप सुरू. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला तिथपासून. निम्म्या गावानं ह्या कोऱ्या कापडावर पोरं शिकवली म्हणाले. त्यांचं खरं आहे. तुझी इंजिनिअरिंगची फीसुद्धा ह्यातूनच गेली, आणि थोडी माझ्या फॉल-पिकोतून.

पण हे कापड आणलं तसं कापायला घेऊ नकोस. विणायच्या आधी सुताला लावलेली सायझिंगची खळ असते त्यात. रात्रभर बादलीत भिजत घाल, सकाळी पाणी कसं गढूळ पिवळट होतं बघ. मग साध्या साबणानं धू, पिळू नकोस, तसंच वाळत टाक. वारामागं दोन बोटं तरी आत येतं. न धुता शिवलीस तर पहिल्याच धुण्यात बाहेरचं कापड आटेल, अस्तर तेवढंच राहील आणि बुट्टीचं तोंड वेडंवाकडं होईल. टीव्हीखालच्या बुट्टीची डावी बाजू बघितली आहेस ना? तीच गंमत. ती माझी पहिली.

माप असं. बाहेरचे दोन तुकडे, अस्तराचे दोन. चारही तेरा इंच रुंद आणि बारा इंच उंच. कापडाची किनार उंचीच्या बाजूला धरायची, म्हणजे उभा धागा उभाच राहतो आणि बुट्टी बसत नाही. ह्यातून सहा इंच चौरस बूड होईल, उंची आठ इंच, आणि त्यातले वरचे दोन इंच बाहेर दुमडायचे. तू लिहिलंयस की चाव्या, चार्जर आणि गोळ्या ठेवायला पाहिजे. तेवढ्याला पुरेल.

गोळ्यांचं तू आपणहून लिहिलंस. मी तो मेसेज तीनदा वाचला.

सकाळी आठ, रात्री आठ. बरं, नाही विचारत.

बाहेरच्या दोन तुकड्यांना आतून बकरम लावायचं, कॉलरमध्ये असतं ते ताठ कापड. चिकट बकरम दिलंय, इस्त्रीनं बसतं ते. ते कापडाएवढं कापायचं नाही. बाजूनं आणि खालून अर्धा-अर्धा इंच कमी, शिलाईत बकरम आलं की सुई मोडते. आणि वरचे अडीच-तीन इंच मोकळे सोड, नाहीतर दुमडताना पट्टी ताठ उभी राहील, टोपीसारखी. बकरमाची चिकट बाजू कापडावर, वर ओला रुमाल, आणि इस्त्री दाबून धरायची. दहा अंक मोजायचे, उचलायची, पुढे ठेवायची. घासायची नाही, घासली की कापड सरकतं.

इस्त्रीचं काम तुझी ती लातूरची मैत्रीण घरी असेल तेव्हा कर. रविवारी कर. ती शेजारी बसून मोबाइल बघत बसली तरी चालेल.

हे वाचून तू डोळे फिरवलेस. मला इथून दिसले. पण गरम इस्त्री म्हणजे गरम इस्त्री. मशीनचंही सांगायचं होतं. तुझ्याकडची मोटरची आहे म्हणालीस. माझी पायाची मशीन कशी, माणूस थांबला की थांबते. मोटरच्या मशीनला कळत नाही माणूस थांबलाय ते, पाय पेडलवर राहिला तर ती चालतच राहते. म्हणून वेग अगदी कमीवर ठेव. नवशिक्यानं तसाही कमीवरच ठेवायचा असतो, हे मी कुणालाही सांगितलं असतं. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या बायकांनाही मी हेच सांगते.

खोटं कशाला बोलू? त्यांना मी हे इतक्या वेळा नाही सांगत.

मनू, तो जून मला रोज दिसतो. शाळा उघडायच्या आधीचा आठवडा, चाळीस गणवेश अंगावर, दारात बायका उभ्या. तू दहावीचा निकाल लागून मोकळी, माझ्याजवळ बसून पांढरी बटणं सहा-सहाच्या पुड्यांत बांधत होतीस. मी म्हटलं, "अगं, मोजतेयस की खेळतेयस?" कारण तुझा हात मध्येच थांबला होता. तू माझ्याकडे बघितलंस, पण ते बघणं तुझं नव्हतं. मग डबा पडला. सगळी बटणं फरशीवर. त्यांचा आवाज किती वेळ चालला होता असं वाटतं, खरं तर दोन सेकंदही नसेल. शेजारच्या काकूंनी चप्पल आणली हुंगवायला, कुणी कांदा फोडला. आणि मी, तुझी आई, दातखीळ बसलेल्या तोंडात स्टीलचा चमचा घातला.

तुझ्या पुढच्या दाताचा टवका फिटमुळे गेला असं आपण सगळ्यांना सांगतो. तो माझ्या चमच्यानं गेला. मिरजेच्या डॉक्टरांनी नंतर किती शांतपणे सांगितलं होतं. तोंडात काही घालायचं नाही, धरून ठेवायचं नाही, कुशीवर वळवायचं, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवायचं आणि घड्याळ बघायचं. पाच मिनिटांवर गेलं तर दवाखाना. त्यांनी मला काही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

तुझ्या मैत्रिणींना हे ठाऊक आहे का? फ्रिजला एक कागद लावून ठेव, कुशी, घड्याळ, पाच मिनिटं, १०८. नको वाटत असेल तर फ्रिजला नको, कपाटाच्या दाराला आतून लाव. पण तोंडी तरी सांग. लपवून काय मिळतं ते आपण मावशीकडच्या लग्नात बघितलंय.

बघ, कुठं निघाले होते. क्षमा कर. बुट्टी.

शिवायला सोळा नंबरची सुई लाव. दोन दिल्यात, एक मोडणारच. बाहेरचे दोन तुकडे सुलट बाजू आत करून समोरासमोर ठेव, टाचण्या लाव, डावी, खालची, उजवी बाजू अर्ध्या इंचावर टीप घाल. सुरुवातीला आणि शेवटी उलटी टीप. टाचण्या काढून उशीतच टोचायच्या, ओठांत धरायच्या नाहीत. मी धरते, मला माहीत आहे. तू धरू नकोस.

मग कोपरे. बायका इथंच घाबरतात आणि खरी मजा इथंच आहे. पिशवीच्या खालच्या कोपऱ्यात आतून बोट घाल आणि कोपरा असा चपटा कर की बाजूची शिलाई खालच्या शिलाईवर बरोबर बसेल. त्रिकोण होतो, आपल्या समोशासारखा. दोन्ही शिलाया एकावर एक आल्या का ते डोळ्यांनी बघू नकोस, बोटांनी चाचप. चिमटीत एक कणा लागला पाहिजे, दोन लागले तर सरकलंय. आता शिलाईच्या टोकापासून तीन इंच खाली खडूची आडवी रेघ मार. रेघ सहा इंचांची भरली तर त्रिकोण बरोबर, साडेपाच भरली तर परत चपटा कर. रेघेवर दोनदा टीप घाल आणि बाहेर अर्धा इंच ठेवून टोक काप. दुसरा कोपरा तसाच. बूड एकदम चौकोनी उभं राहतं. माझ्याकडच्या एकजात सगळ्या बायका इथं "अय्या" म्हणतात. तू म्हणशील तेव्हा मी नसेन, एवढंच.

अस्तरही तसंच शिवायचं, पण त्याच्या खालच्या शिलाईत मध्ये चार इंच तोंड सोड, आणि ती शिलाई बाहेरच्यापेक्षा एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, जास्त आत घे, म्हणजे आत झोळ येत नाही. अस्तराचं कापड बघून तू मला ओरडणार आहेस. हो, आजीच्या इरकलीचंच आहे. पदराला हात लावलेला नाही, पदर तुझ्यासाठी तसाच ठेवलाय. अंगाचं कापड ठिकठिकाणी विरलं होतं, त्यातला धड भाग काढला. आजी दिवसभर मागाच्या कांड्यांवर सूत भरायची, संध्याकाळी तिच्या पोटावर ह्या लुगड्याला तेलाचा आणि सुताच्या धुळीचा वास असायचा. तीनदा धुतलंय. तरी बघ येतो का.

मग अस्तराची पिशवी उलटीच ठेव, बाहेरची सुलट करून तिच्यात घाल, म्हणजे सुलट बाजूला सुलट बाजू भिडते. वरच्या काठानं गोल टीप. शिलायांशी शिलाया जुळव. सोडलेल्या तोंडातून सगळं बाहेर ओढून घे. ओढताना वाटतं की सगळं बिघडलं, नुसता बोळा दिसतो. घाबरू नकोस. ते तोंड हातशिलाईनं बंद कर, अस्तर आत सार, काठावर वरून एक टीप घाल आणि दोन इंच बाहेर दुमड. दुमडल्यावर इरकलीचा रंग वर दिसेल. छान दिसेल ग.

एक राहिलं. वरची गोल टीप घालायच्या आधी पाठीमागच्या बाजूला दोन्ही कापडांच्या मध्ये एक बंद घाल. दहा इंचांची पट्टी, दुमडून फास करायचा, टोकं टिपेत अडकवायची. तिथं चार वेळा टीप मार, वजन त्याच्यावर येतं. बंद कशाला, तर लटकवायला. खुंटीला, खिडकीला. दाराच्या मुठीला.

आता सांगूनच टाकते, नाहीतर तू पकडशीलच. बाथरूममध्ये जाताना बुट्टी बाहेरच्या मुठीला लटकवायची. बुट्टी दिसली की मैत्रिणींना कळेल आत कुणीतरी आहे. मग कडी लावायची गरज नाही. कुणी येणार नाही, आणि वेळ पडली तर कुणाला येता येईल. मी रात्री पडल्या पडल्या ह्याचाच विचार करत होते आणि तुझा बुट्टीचा मेसेज आला. मला तर देवानंच पाठवल्यासारखा वाटला. तू फक्त चार्जर ठेवायला मागत होतीस.

दोन वर्षं चार महिने झाले, एकही नाही. मी कॅलेंडरवर मोजते, तुला आवडत नाही म्हणून पेन्सिलीनं. तू नियमानं गोळ्या घेतेस, जागरण टाळतेस, ऑफिसातल्या पार्टीतून साडेदहाला उठून आलीस ते मला लातूरच्या मैत्रिणीनं सांगितलं. (तिला रागावू नकोस, मीच खोदून विचारलं.) एवढं जपून राहणारी मुलगी चोवीस वर्षांची आहे आणि मी गौरीजेवणाच्या दिवशी, घरात पाहुणे असताना, दर दोन मिनिटांनी बाथरूमचं दार वाजवत होते. "मनू? मनू?" तू केस धूत होतीस. आणि रात्री तू झोपल्यावर कडी काढायला बाबांना मीच सांगितलं. ते नको म्हणत होते. सकाळी तू दाराला ती चार भोकं बघितलीस आणि काही न बोलता बॅग भरलीस. तेव्हा मी म्हणाले, "आमचं चुकलं काय?" ते चुकलं. म्हणजे काळजी चुकली असं नाही म्हणत मी. तुला न विचारता केलं ते चुकलं.

तुझ्या वयाला मी सासूला न सांगता शिवणाच्या क्लासला जात होते. कडी लावून बसायला मलाही एक खोली पाहिजे होती तेव्हा, हे मी विसरले.

बाकी ठीक. बाबांचा गुडघा तसाच. अण्णांच्या घरी पुढच्या महिन्यात वास्तुशांत आहे, येणार असशील तर सांग, नसशील तरी सांग. शेंगदाण्याची चटणी वेगळ्या डब्यात आहे, तिचं तेल कापडाला लागलं असेल तर शिकेकाई लाव.

बुट्टी झाली की फोटो पाठव. बुडाचाही पाठव, मला कोपरे बघायचेत.

तुझी
आई

ता. क. काल बाबांनी बाथरूमची कडी परत बसवली. चारातला एक स्क्रू सापडला नाही, तीनवरच आहे. पण लागते.